चौथी गोष्ट : एका जुन्या पिस्तुलाच्या खरेदीचा इतिहास



जानेवारीचा शेवटचा आठवडा आला की भंडाऱ्यातली आमची मित्रमंडळी आम्हाला हमखास बोलावतात आणि सांगतात, सर, गांधीजींवर काहीतरी बोला. आम्हीही बोलतो. सत्याग्रहावर बोलून झाले, साध्य-साधन विवेकावर झाले, ट्रस्टीशिपवर तर दोनदा झाले. यंदा आम्ही ठरवले की गांधीजींच्या विचारावर न बोलता एका वस्तूवर बोलायचे. ती वस्तू म्हणजे खिशात मावेल एवढे एक जुने, कुणीतरी आधी वापरलेले पिस्तूल. 28 जानेवारी 1948 रोजी ते ग्वाल्हेरमध्ये विकत घेतले गेले आणि तिसऱ्या दिवशी, 30 तारखेला सायंकाळी, दिल्लीत बिर्ला हाऊसच्या हिरवळीवर त्यातून तीन गोळ्या सुटल्या.

त्या तीन गोळ्यांवर भरपूर लिहिले गेले आहे. त्या खरेदीवर मात्र फारसे कुणी थांबत नाही. ती दोन ओळींत उरकली जाते. आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या माणसाला मात्र ती खरेदी जास्त छळते. कारण चाप ओढणारा हात एकच होता, पण खरेदी-विक्रीत किती हात होते? आणि त्यातल्या प्रत्येक हाताची जबाबदारी किती? आजचा विषय एवढाच आहे.

सुरुवात आपल्याच गावापासून करू. आमच्या लहानपणी भंडाऱ्यात एक मिस्त्री होते. जंगलाकडच्या शेतकऱ्यांच्या भरमार बंदुका, म्हणजे तोंडाकडून दारू ठासायच्या बंदुका, ते दुरुस्त करीत. धानाच्या बांधीत रानडुकरे शिरतात, म्हणून पीकरक्षणासाठी परवाना घेऊन ठेवलेल्या या बंदुका. कुणी जुने हत्यार विकत घ्यायला निघाला की तो आधी या मिस्त्रींकडे यायचा. मिस्त्री म्हणायचे, जुन्या हत्यारात चार गोष्टी पाहायच्या. पहिली नळी, आतून झिजली आहे का, गंज चढला आहे का. दुसरी स्प्रिंग, तिच्यात जोर उरला आहे का. तिसरी गोष्ट म्हणजे काडतूस जिथे बसते ती जागा, कोठा असो की मॅगझिन. काडतूस नीट बसते का, नीट बाहेर पडते का. आणि चौथी गोष्ट नंबर. हत्यारावर कोरलेला नंबर आणि कागदावरचा नंबर जुळतो का. आणि लगेच बजावायचे, "बाबू, चवथी गोष्ट पह्यले पाहाची. बाकीच्या तीन मी दुरुस्त करून देईन, चवथी माह्या हातची नाही."

पहिल्या तीन गोष्टी हत्यार कसे आहे ते सांगतात. चौथी गोष्ट ते कुणाकुणाच्या हातून आले ते सांगते. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास आपल्याला या चार गोष्टींतूनच बघायचा आहे.

आता 20 जानेवारी 1948 कडे येऊ. त्या दिवशी बिर्ला हाऊसमध्ये गांधीजींच्या प्रार्थनासभेच्या वेळी मदनलाल पाहवाने स्फोट घडवला. त्या कटातल्या मंडळींजवळ त्या दिवशी दोन रिव्हॉल्व्हर होती. एक गोपाळ गोडसे याने आणलेले. तो खडकीच्या लष्करी सुट्या भागांच्या डेपोत नोकरीला होता. दुसरे दिगंबर बडगे याने मिळवलेले. हा बडगे पुण्यात 'शस्त्र भांडार' नावाचे दुकान चालवत असे. दुकानात उघडपणे सुरे, कट्यारी मिळत, आणि आडून इतर मालही मिळे. दोन्ही रिव्हॉल्व्हर जुनी, हातोहात आलेली. त्या दिवशी सकाळी दिल्लीत हिंदू महासभा भवनामागच्या झाडीत त्यांची चाचणी घेतली गेली. एकाचा गोळ्यांचा कोठा नीट काम करेना. दुसऱ्याची गोळी नेम धरलेल्या झाडापर्यंत पोहोचेना. मग हॉटेलच्या खोलीत बसून दुरुस्ती सुरू झाली.

म्हणजे बघा, पहिल्या तीन गोष्टींतच दोन्ही हत्यारे नापास. त्या दिवशीचा कट फसला त्याची कारणे अनेक आहेत. माणसे कचरली, आयत्या वेळी बेत बदलला, मदनलाल जागीच पकडला गेला. पण या चाचणीतून नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांनी एक धडा घेतला असे पुढच्या घटनांवरून दिसते. त्यानंतरचे आठ दिवस त्यांची मुख्य धडपड एकाच गोष्टीसाठी होती : भरवशाचे हत्यार. मुंबईत त्यांनी प्रयत्न केले. तिथे जमले नाही. 27 जानेवारीला दोघे खोट्या नावांनी विमानाने मुंबईहून दिल्लीला गेले आणि त्याच रात्री रेल्वेने ग्वाल्हेरला उतरले. स्टेशनवरून टांग्याने डॉ. दत्तात्रय परचुरे यांच्या घरी.

ग्वाल्हेरच का? इथे आपण मराठी माणसांनी जरा थांबले पाहिजे. शिंद्यांचे ग्वाल्हेर म्हणजे अठराव्या शतकापासून मराठी माणसाचे दुसरे घर. लष्कर भागात मराठी वाडे, मराठी शाळा, गणेशोत्सव, सगळे काही. डॉ. परचुरे त्याच समाजातले. पेशाने डॉक्टर आणि तिथल्या हिंदू राष्ट्र सेनेचे पुढारी. परक्या गावात रात्री अकराच्या सुमारास टांगा थांबवून ज्याचे दार वाजवता येते, असा माणूस. शिवाय ग्वाल्हेर अजून संस्थान होते. मध्य भारत राज्य बनले ते त्याच वर्षी मे महिन्यात. दिल्ली आणि मुंबईचे पोलीस 20 तारखेच्या स्फोटानंतर ज्या माणसांचा माग काढत होते, ती माणसे त्या रात्री दुसऱ्याच राज्यव्यवस्थेच्या हद्दीत जाऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे 28 तारखेला, बाजार सुरू झाला. आम्ही मुद्दाम बाजार म्हणतो. परचुऱ्यांचे स्वतःचे पिस्तूल मागितले गेले, ते त्यांनी दिले नाही. मग एक गावठी रिव्हॉल्व्हर आले. घराच्या अंगणात त्याची चाचणी झाली. पसंत पडले नाही. नंतर परचुऱ्यांच्या वर्तुळातला गंगाधर दंडवते याने एक इटालियन पिस्तूल आणले. ज्याच्याकडून आणले तो जगदीशप्रसाद गोयल. हे पिस्तूल पसंत पडले. पैशांची देवघेव झाली. दोघे पाहुणे रात्रीच्या गाडीने दिल्लीकडे निघाले.

हे पिस्तूल कसे होते ते थोडक्यात सांगतो, कारण वस्तू समजल्याशिवाय व्यवहार समजत नाही. ते बेरेट्टा कंपनीचे मॉडेल 1934. उत्तर इटलीत गार्दोने वाल त्रोंपिया नावाचे गाव आहे, शतकानुशतके बंदुका घडवणाऱ्यांचे, तिथला हा कारखाना. इटालियन सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी कमरेला लावावे म्हणून हे मॉडेल काढले गेले. लांबी साधारण 15 सेंटिमीटर, रिकामे असताना वजन पाऊण किलोपेक्षा कमी, मॅगझिनमध्ये सात गोळ्या. रचना अगदी सोपी. गोळी सुटली की काडतुसाच्या धक्क्यानेच वरचा भाग मागे सरकतो, रिकामे पुंगळे बाहेर पडते, स्प्रिंग त्याला पुढे ढकलते आणि पुढची गोळी जागेवर येते. सुटे भाग कमी, म्हणून बिघडायच्या जागाही कमी. अशी सुमारे दहा लाख पिस्तुले पुढच्या काही दशकांत बनली. म्हणजे मिस्त्रींच्या पहिल्या तीन गोष्टींत हे पिस्तूल पास होते. आणि चौथी गोष्ट? त्याच्यावर नंबर कोरलेला होता : 606824.

हा नंबर आज कुठेही वाचायला मिळतो. पण 28 जानेवारीच्या संध्याकाळी त्या घरात तो कुणी वाचला असेल का? नंबर कुठल्या कागदाशी ताडून पाहायचा? कागदच नव्हता. जिथे कागद असतो तिथे घेणारा विचारतो, हे कुणाच्या नावावर आहे. जिथे कागद नसतो तिथे तो विचारतो, कुणी आणले. दंडवत्यांनी आणले ना, मग झाले. दंडवते कुणाचे? परचुऱ्यांचे. परचुरे कुणाचे? आपले. ओळख हाच कागद झाला. भाषा एक, जात-बिरादरी जवळची, विचार एक, म्हणून कुणी कुणाला काही विचारले नाही. आम्हाला या साऱ्या प्रकरणात सगळ्यांत जास्त अस्वस्थ करणारी जागा कुठली असेल, तर ती ही. कारण हा ओळखीवरचा विश्वास आपण एरवी फार चांगला गुण मानतो.

इटलीच्या गावात बनलेले पिस्तूल ग्वाल्हेरला आले कसे? त्याची एक कथा सांगितली जाते, की आफ्रिकेच्या आघाडीवर शरण आलेल्या इटालियन अधिकाऱ्याकडून ते ग्वाल्हेरच्या फौजेतल्या एका अधिकाऱ्याच्या हाती आले. कथा अशक्य कोटीतली नाही. 1941 साली पूर्व आफ्रिकेत इटालियन सैन्याचा पराभव करण्यात भारतीय पलटणींचा मोठा वाटा होता. एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरी लढाईत आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन होती. त्या मे महिन्यात अंबा अलागी इथे इटालियन सेनापती शरण आला. हजारो अधिकाऱ्यांनी कमरेची पिस्तुले खाली ठेवली. मोहिमेवरून परतणारा शिपाई आठवण म्हणून काय आणतो? दुर्बीण, घड्याळ, पिस्तूल. तेव्हा युद्ध संपताना हिंदुस्थानात अशी परदेशी हत्यारे ट्रंकांच्या तळाशी बरीच पोहोचली असणार, हे समजण्यासारखे आहे. पण मंडळी, कथा ही कथाच. न्यायालयापुढे साखळी दंडवते आणि गोयल यांच्यापर्यंत गेली. तिच्या अलीकडचे दुवे पक्के झाले नाहीत.

आता न्यायालयात काय झाले ते पाहू. लाल किल्ल्यात विशेष न्यायाधीश आत्माचरण यांच्यापुढे खटला चालला. 10 फेब्रुवारी 1949 रोजी निकाल लागला. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी. इतर पाच जणांना जन्मठेप, त्यांत डॉ. परचुरेही होते. विनायक दामोदर सावरकर निर्दोष सुटले. शस्त्रांचा व्यापारी बडगे माफीचा साक्षीदार झाल्यामुळे तोही सुटला. सिमल्याला उच्च न्यायालयात अपील चालले. जून 1949 मध्ये परचुरे आणि बडग्यांचा नोकर शंकर किस्तय्या या दोघांचीही सुटका झाली. दंडवते आणि आणखी दोघे आरोपपत्रात फरारी म्हणून नोंदले गेले होते. आणि गोयल याचे नाव तर आरोपींच्या यादीत नव्हतेच.

न्यायालयाने चूक केली असे आम्हाला म्हणायचे नाही. पुराव्याचे शास्त्र वेगळे असते आणि शंकेचा फायदा आरोपीला द्यावाच लागतो. त्या तत्त्वाशिवाय कुणीच सुरक्षित राहणार नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. ज्या हातांनी हे पिस्तूल विकले, आणले, पुढे केले, त्यांतल्या एकाही हाताला त्या खटल्यात शेवटी शिक्षा झाली नाही. कायद्याची पकड चाप ओढणाऱ्यावर आणि त्याच्याबरोबर कट करणाऱ्यांवर बसली. वस्तू पुरवणारे मात्र एकेक करून निसटले : कुणी साक्षीदार म्हणून, कुणी फरारी म्हणून, कुणी संशयाच्या फायद्याने. त्यांतल्या प्रत्येकाला म्हणता आले असते, की मी फक्त एक वस्तू दिली, पुढे तिचे काय झाले ते मला ठाऊक नाही.

तत्त्वज्ञानात या वाक्यावर खूप काथ्याकूट झाली आहे. माहीत नसणे ही सबब केव्हा चालते? ॲरिस्टॉटलने निकोमाखसच्या नीतिशास्त्रात एक साधा भेद केला आहे. एक अज्ञान असे असते की माणसाने कितीही काळजी घेतली तरी ते टळले नसते. त्याची क्षमा होते. दुसरे अज्ञान माणूस स्वतःच ओढवून घेतो, कारण विचारणे त्याच्या हाती असूनही त्याने विचारले नाही. त्याची क्षमा होत नाही, उलट ते अज्ञानच दोष ठरते. दूरगावचे दोन अनोळखी पाहुणे एका रात्रीत आले, पहिले हत्यार नापसंत करून दुसरे मागत आहेत, घाई आहे, कागद नको आहे. कशासाठी हवे आहे, एवढे विचारायला किती वेळ लागला असता?

आता तुम्ही म्हणाल, सर, मग हत्यारांवर कडक कायदा हवा, एवढेच ना? इथे इतिहास आपल्याला सहजासहजी सुटू देत नाही. कारण 1878 चा शस्त्र कायदा होताच की. 1857 ची धास्ती घेतलेल्या इंग्रजांनी लॉर्ड लिटनच्या काळात तो आणला. त्यात हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा, आणि युरोपियनांना मात्र सूट. या कायद्याचा राग सगळ्या देशाला होता. आणि त्याच्यावर सगळ्यांत कडवट टीका करणाऱ्यांत कोण होते? खुद्द गांधीजी. 1918 साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना त्यांनी काढलेल्या पत्रकात, एका सबंध राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत मोडतो, अशा आशयाचे म्हटले आहे. 1930 च्या जानेवारीत त्यांनी व्हाइसरॉयपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत मिठाच्या कराबरोबरच स्वसंरक्षणासाठी, लोकनियंत्रणाखाली, बंदुकीचे परवाने मिळावेत ही मागणी होती. 1931 च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावातही नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता.

अहिंसेचा पुजारी आणि परवान्याची मागणी? विसंगती वाटते, पण नाही. ज्याच्या हातात शस्त्र येऊ शकते आणि तरी जो ते उचलत नाही, तोच अहिंसक. ज्याच्या हातून ते हिसकावून घेतले आहे तो फक्त निःशस्त्र. गांधीजींना हा फरक महत्त्वाचा वाटत होता.

पुढचा प्रसंग संविधान सभेतला आणि तो आपल्या भागाशी दोन प्रकारे जोडलेला. 1948 च्या डिसेंबरात मूलभूत हक्कांवर चर्चा चालू असताना हरी विष्णू कामत यांनी कराचीच्या ठरावाची आठवण देऊन शस्त्र बाळगण्याचा हक्क संविधानात घालावा अशी दुरुस्ती मांडली. कामत मध्य प्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी, म्हणजे तेव्हाचा आपला भंडारा ज्या प्रांतात होता त्या प्रांताचे. त्यांना उत्तर दिले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, ज्यांनी पुढे 1954 साली याच भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि आपल्या जिल्ह्याने त्यांना हरवले. बाबासाहेबांच्या उत्तराचा रोख असा होता, की परकीय राजवटीत या मागणीला अर्थ होता, परिस्थिती आता बदलली आहे. जो तो राज्याच्या कसल्याही आडकाठीविना बाजारात जाऊन हवी ती हत्यारे विकत घेऊ लागला, तर राज्यकारभार चालायचा कसा? दुरुस्ती नाकारली गेली. त्या दिवशी गांधीजींच्या हत्येला दहाच महिने झाले होते. लाल किल्ल्यातला खटला अजून चालू होता. बाजारात जाऊन विकत घेणे या शब्दांचा अर्थ त्या सभागृहात कुणाला समजावून सांगावा लागला नसेल.

मग 1959 चा शस्त्र कायदा आला. आज तुम्हाला किंवा आम्हाला जुने पिस्तूल रीतसर घ्यायचे असेल तर काय करावे लागते, ते त्यात आहे. आधी घेणाऱ्याजवळ परवाना हवा. विकणाऱ्याचे हत्यार त्याच्या परवान्यावर नोंदलेले हवे. विकण्याचा इरादा आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता त्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचा. आणि त्यानंतर किमान 45 दिवस थांबायचे. त्याआधी हत्यार हातातून हातात जायचे नाही.

पंचेचाळीस दिवस. लोकांना ही नुसती दफ्तरदिरंगाई वाटते. ग्वाल्हेरचा व्यवहार एका दिवसात झाला होता, हे आठवले की या दिवसांचा अर्थ कळतो. घाईत असलेल्या माणसाला थांबवणे, हा त्यांचा अर्थ.

हे आम्ही एवढ्या ठामपणे बोलतो आहोत खरे, पण आता आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. नाहीतर हे व्याख्यान फुकट जाईल.

आमचे आजोबा साकोलीकडच्या एका गावचे मालगुजार. मालगुजारी गेली ती 1951 साली. मामा तलाव तेवढा मागे राहिला. 1941 मध्ये जंगल खात्यातला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्याकडून आजोबांनी एक वापरलेले पिस्तूल घेतले. वेब्ली अँड स्कॉटचे, पॉइंट बत्तीसचे, तळहाताएवढे. आजोबांच्या माघारी ते वडिलांच्या परवान्यावर चढले. वडील 1996 साली गेले आणि पिस्तूल ठाण्यात जमा झाले. पुढे अर्ज-विनंत्या करून ते आमच्या नावावर आले. आम्ही ते एकदाही चालवले नाही. पण मोडीतही काढवले नाही. आजोबांची वस्तू, दुसरे काय.

2004 साली घरात मोठे आजारपण आले. पैसे हवे होते. तुम्हाला कल्पना नसेल, पण परदेशी पिस्तुलांची आयात सामान्य नागरिकासाठी 1980 च्या दशकात बंद झाल्यापासून असल्या जुन्या विलायती पिस्तुलांना आपल्याकडे विलक्षण भाव आला. एरवी जुनी वस्तू स्वस्त होते, इथे जुनी होते तशी महाग होते. आमचा एक जुना विद्यार्थी, आता ठेकेदार, नुकताच परवाना मिळालेला, घरी आला. पायाला हात लावला. म्हणाला, "सर, पैसे आजच घ्या. पिस्तूल आजच द्या. कागदाचे मी मागून पाहतो. तुम्ही मला ओळखता ना?"

मंडळी, आम्ही त्याला ओळखत होतो. वर्गात पुढच्या बाकावर बसायचा. आणि ॲरिस्टॉटलचा तो अज्ञानाचा भेद आम्हीच त्याला शिकवला होता. तरीही आम्ही त्याला लगेच नाही म्हणालो नाही. दोन रात्री विचार केला. औषधांची चिठ्ठी एका बाजूला आणि ते पिस्तूल दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या रात्री आजोबांच्या कागदांची पेटी काढली, साहेबाने लिहून दिलेला विक्रीचा कागद वाचावा म्हणून. त्यावर नंबर होता. पिस्तुलावरचा नंबर भिंगाखाली पाहिला, तर तो कागदाशी तंतोतंत जुळला. मग सहज परवाना काढला. परवान्यावर एक आकडा वेगळा. मूळच्या इंग्रजी 3 चा कुणीतरी नक्कल करताना 8 केलेला. वडिलांच्या परवान्यावरही तोच 8. म्हणजे कित्येक वर्षे, दर नूतनीकरणाला, कुणीतरी जुना कागद पाहून नवा कागद लिहीत गेले. पिस्तूल हातात घेऊन नंबर वाचला कुणीच नाही. कचेरीतल्या लोकांना बोल लावणे सोपे आहे. पण आठ वर्षे ते पिस्तूल आमच्या कपाटात होते आणि मिस्त्रींची चौथी गोष्ट आम्हाला पाठ होती. आम्ही तरी कुठे पाहिला?

त्या रात्री आम्हाला घाम फुटला. कायद्याच्या दृष्टीने आमच्या हातात एक अनोळखी पिस्तूल होते, आणि आमच्या नावावर नसलेले दुसरेच एक पिस्तूल होते. ते त्या मुलाला दिले असते आणि पुढे कुठे काही घडले असते, तर माग काढणारा त्या चुकलेल्या आकड्यापाशी येऊन थांबला असता. साखळी आमच्या कपाटात तुटली असती.

सकाळी विद्यार्थ्याला नाही म्हणून सांगितले. तो रागावला. पुन्हा आला नाही. पैसे शेतीचा एक तुकडा विकून उभे केले. नंबर दुरुस्त करून घेण्यासाठी प्रतिज्ञापत्र, अर्ज, आजोबांचा तो कागद, अशी सात-आठ महिने खेपांवर खेपा घातल्या. दुरुस्ती झाली. आणि दुरुस्ती झाल्यावर आम्ही ते पिस्तूल सरकारजमा करून टाकले. विकता आले असते, आता रीतसर विकता आले असते. पण ज्याला विकू त्याला कशासाठी हवे ते विचारायचे आणि त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवायचा, एवढे बळ आमच्यात उरले नव्हते.

विराटपर्वात पांडव आपली शस्त्रे शमीच्या झाडावर ठेवून अज्ञातवासात जातात. दसऱ्याला शमीची पूजा करताना आपण शस्त्रे परत घेतल्याचा दिवस साजरा करतो. पण महाभारतात आणखी एक प्रसंग आहे, त्याची कुणी पूजा करत नाही. शेवटच्या प्रवासाला निघालेल्या पांडवांना अग्नी आडवा येतो आणि अर्जुनाला सांगतो, गांडीव वरुणाकडून आणले होते, ते त्याला परत कर. अर्जुन ते पाण्यात सोडून देतो. गांडीव कुणाकडून आले आणि कुणाकडे जायचे, हे शेवटपर्यंत कुणीतरी लक्षात ठेवले होते. चौथी गोष्ट ती हीच.

एक शेवटचे सांगून थांबतो. आपण भंडाऱ्याचे लोक. आपल्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत 1960 च्या दशकापासून गोळ्यांना आणि तोफगोळ्यांना पुढे ढकलणारी दारू बनते. 24 जानेवारी 2025 रोजी तिथे स्फोट झाला आणि आठ कामगार गेले. कुठल्याही गोळीच्या मागे असे हात असतात, हे आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवण्याची गरज नाही. आपल्याकडची माणसे ते काम करतात आणि त्याची किंमतही मोजतात. त्या कारखान्यात प्रत्येक खेपेची नोंद असते : कधी बनली, कुठे गेली. शिस्त म्हणून असते. ग्वाल्हेरच्या त्या घरात जेवढ्या लोकांनी ते पिस्तूल हाताळले, त्यांतल्या एकाने जरी अशी एक नोंद मागितली असती, एक प्रश्न विचारला असता, तर इतिहास बदलला असता की नाही, ते आम्ही सांगू शकत नाही. पण विचारणाऱ्याचे हात तरी मोकळे राहिले असते.

तुमच्यापैकी काहींच्या घरी आजोबांची जुनी बंदूक असेल. पीकरक्षणाची भरमार असेल, मालगुजारीच्या काळातले काही असेल. आज घरी गेल्यावर परवाना काढा, चष्मा लावा, आणि हत्यारावरचा नंबर एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. कागदाशी जुळतो का पाहा.

एवढेच.